फायनलकडे पाठ

पिसं! तुम्हाला सांगतो, पिसं लावली आमच्या डोक्याला! मोराची असती तर समजलो असतो, कोंबड्याची असती तरी म्हटलं असतं चला, घरातली आहेत... पण ही हिरवी, गुलाबी, निळी, प्लास्टिकची, आणि ती पट्टी कपाळावर अशी आवळलेली की भुवया वर गेल्या त्या वरच राहिल्या, दिवसभर मी नवल वाटल्यासारखा उभा! मी ती पट्टी बांधणाऱ्या माणसाला म्हटलं, भाऊ, आम्ही वारली, तलासरीचे, आमच्यात कोणी पिसं लावत नाही, माझ्या बापानं लावली नाहीत, आज्यानं लावली नाहीत. तर तो म्हणतो, "अरे भाई, कॅमेरे में ट्रायबल दिखना चाहिए ना." दिसायला पाहिजे! म्हणजे नुसतं असून भागत नाही!

पण लावली. निमूट लावली. का? तर फायनल! अहमदाबादला, भारताची फायनल, त्या एवढ्या मोठ्या स्टेडियमात, आणि मला आत बसायला मिळणार होतं. आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, टीव्हीवर दिसते की. दिसते ना, टीव्हीवर सगळंच दिसतं. पण मी माणूस कासा-तलासरी जीप चालवणारा, आणि जीप चालवत नसतो तेव्हा बॉलिंग टाकणारा, टेनिस बॉलवर, आमच्या पाड्याच्या टीमकडनं, विचारा तलासरीत कोणालाही, उधव्यात विचारा, झाईत विचारा... लग्नाच्या दिवशी सकाळी सेमीफायनल खेळून मग मांडवात गेलेला माणूस आहे मी! हळद लागलेल्या हातानं बॉल टाकला, पिवळा झाला बॉल, समोरच्यांनी तक्रार केली. आणि या माणसानं जन्मात एकदा मोठी मॅच मैदानात बसून पाहिलेली नाही. मुंबईला तिकीट मिळत नाही, अहमदाबादला मिळत नाही, मोबाइल घेऊन बसायचं, ते चाक गोल गोल फिरत राहतं, फिरत राहतं, आणि मग म्हणतं, तिकिटं संपली. मला फक्त आत बसून एक ओव्हर पाहायची होती. एकच. तो फास्ट बॉलर पळत येतो तेव्हा जमिनीतनं काही जाणवतं का, बॉल कीपरच्या हातात बसतो त्याचा आवाज वरपर्यंत येतो का... एवढंच. मागणं मोठं होतं का माझं?

तर हा पीयूषभाई. वापीकडचा, कार्यक्रम भरवणारा, चारोटी नाक्याला माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला आणि फोनवर साऱ्या जगाला विचारत सुटला की तारपा डान्सवाले कुठे मिळतील, फायनलला स्टेडियमजवळ पाहुण्यांचं स्वागत करायचंय. मी ब्रेक मारला. मधल्या रस्त्यात. मागच्या बाया एकमेकींच्या मांडीवर आल्या, मासळीची टोपली पुढे आली, मला काही नाही, मी म्हटलं, साहेब, तारपा वाजवणारा माझा सासरा, नाचणारे आम्ही, एकच सांगा, आत सोडणार का? तो म्हणाला, "प्रोग्राम खतम, सबको पास. अंदर बैठो, आराम से देखो." सबको पास! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी तलासरीपर्यंत गाडी चालवली की गाडीनं मला नेलं, मला आठवत नाही.

सासऱ्याचं नाव काकड्या. पाड्यात सगळे त्याला बाबा म्हणतात, मीही बाबाच म्हणतो. आणि तारपा म्हणजे तुम्ही भिंतीवरच्या चित्रात पाहिला असेल, सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा हा एवढा भोंगा. वाजवणारा मध्ये दम तोडत नाही, नाकानं आत घेतो, तोंडानं सोडत राहतो. बाबानं एकदा तारपा लावला की रात्र संपवतो, असा माणूस. मला वाटलं नाही म्हणेल, भात कापून शेतात पडलेलं, झोडायचं बाकी. तर बाबा लगेच हो म्हणाला! राग आला तो त्याच्या मुलीला, म्हणजे चंद्रिकाला, म्हणजे माझ्या बायकोला. म्हणाली, भात कोण झोडणार, तुझी फायनल? पण बाप निघाला म्हटल्यावर तीही निघाली, आणि तिच्यामागे पाड्यातली सगळी नाचणारी मंडळी. मी बंडीच्या आत भारताची निळी जर्सी घातली. म्हटलं, नाच झाला की बंडी काढायची, पिसं फेकायची, आणि आत.

आता आमच्यात एक नियम आहे. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून भोवती फेर धरतात, आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही. कधी नाही. पोर चालायला लागलं की हे शिकतं, बोलायला नंतर. आणि दुसरं म्हणजे तारपा वाजतोय तोवर फेर सोडायचा नाही, आणि फेर फिरतोय तोवर वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही. मग थांबायचं कोणी? हे आमच्यात कोणी विचारत नाही. उजाडतं, कोंबडा आरवतो, बायकांना घरची कामं आठवतात, आपोआप थांबतं. पण अहमदाबादच्या स्टेडियमबाहेर कोंबडा नव्हता!

हो, बाहेर. बाहेरच! गेटच्या बाहेर मोठं आवार, खायची दुकानं, तोंडं रंगवणारे, आणि एका बाजूला हा एवढा पडदा, आमच्या शाळेच्या भिंतीएवढा, ज्यांना आत जायला मिळालं नाही त्यांनी त्याच्यावर मॅच बघायची. आम्हाला त्या पडद्यासमोर उभं केलं. मी म्हटलं, इथे? पीयूषभाई म्हणाला, गेस्ट लोक येताहेत तोवर इथे, थोडा वेळ, मग अंदर. थोडा वेळ! बाबानं तारपा तोंडाला लावला, सदूनं घुंगरकाठी जमिनीवर आपटली, हा सदू आमच्या टीमचा विकेटकीपर, फेराच्या तोंडाशी नेहमी तोच असतो, त्याच्यामागे मी, माझ्यामागे चंद्रिका, आणि फेर सुरू झाला.

आणि तिकडे मॅच सुरू झाली.

आता लक्ष देऊन ऐका, काय झालं ते. फेर गोल. पडदा एका बाजूला. बाबा मध्ये. आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही! म्हणजे मी पडद्याच्या समोरच्या अंगाला असलो की बाबाच्या डोक्यावरनं मला पडदा दिसणार, आणि फिरत फिरत पडद्याच्या बाजूला गेलो की फायनलकडे माझी पाठ. चला, अर्धी तर अर्धी, असं मला वाटलं. पण त्या पडद्याचं काय होतं माहीत आहे? तो मागे होता! आत बॉल टाकला जायचा, आतले लोक ओरडायचे, आणि आमच्या पडद्यावर बॉलर अजून पळतच यायचा! म्हणजे मी बरोबर समोर आलेलो, बॉलर पळतोय, आतून गलका उठला, लाखभर माणूस एकदम, अंगावर काटा... चौकार की विकेट? आणि फेर सरकला! चंद्रिकाचा हात कमरेत, ती ओढतेय, सदू पुढे ओढतोय, मी मान मागे वळवायला गेलो तर चंद्रिकानं कमरेला असा चिमटा काढला, अजून निळा आहे, सांगू नका कोणाला. "बाप वाजवतोय माझा," म्हणाली. तारप्याला पाठ दाखवायची नाही! मग मी तसाच, पडद्याकडे पाठ, समोरच्या लोकांच्या तोंडांवरनं ओळखायचं काय झालं ते. आनंदी दिसले तर चौकार, कपाळाला हात लावला तर विकेट. त्यात एक माणूस होता, तो सारखाच कपाळाला हात लावायचा. मला वाटलं आपले सगळे गारद झाले. फिरून समोर येतो तर पडद्यावर काय? साबणाची जाहिरात!

तुम्हाला सांगतो, तेवढी साबणं मी जन्मात पाहिली नाहीत. मी समोर आलो की साबण, मी समोर आलो की टायर, मी समोर आलो की एक बाई चहा पिऊन हसतेय. आणि मी पाठ केली की गलका! पुढे समोरून दिसायचं तेही कमी झालं, कारण लोक मध्ये घुसून आमच्याबरोबर फोटो काढायला लागले. एक बाई काळा चष्मा लावून सदूच्या आणि माझ्या मध्ये घुसली, कमरेत हात, पाऊल चुकीचं, दर तिसऱ्या पावलाला माझा अंगठा. अंगठ्याचं जाऊ दे, मला विचारते, "आप लोग क्रिकेट समझते हो?" मी! मला! हळदीच्या हातानं यॉर्कर टाकलेल्या माणसाला! मी म्हटलं, थोडा थोडा. तर ती मला समजावून सांगायला लागली की सहा बॉलची एक ओव्हर असते. आणि ती बोलत होती त्या वेळात, तुम्हाला सांगतो, आत आपला सगळ्यात मोठा बॅट्समन आउट झाला. तो कसा आउट झाला? मला माहीत नाही. मी तेव्हा ओव्हर शिकत होतो.

मग मी ठरवलं, आता थांबवायचं. थोडा वेळ कधीच संपलेला, पाहुणे आत जाऊन बसलेले, आपली बॅटिंग अर्धी झालेली. पण थांबवणार कसं? बाबाला म्हणू, थांब? सासरा तो! आणि वाजवणाऱ्याला थांब म्हणणारा आमच्यात अजून जन्मला नाही. सदूला पुढे कुजबुजलो, काठी जरा हळू आपट, बाबाला कळेल आम्ही दमलो. सदू म्हणाला, दमलो म्हणून कोणी काठी हळू आपटतं का, बाबा काय म्हणेल? मग मीच पाय ओढायला लागलो, धापा टाकल्या, लंगडलो. बाबानं पाहिलं. आणि बाबानं काय केलं? चाल बदलली! जलद धरली! दमलेल्या माणसाला जाग यावी म्हणून वाजवणारा जलद धरतो, ही आमची रीत, मीच विसरलो होतो. सगळा फेर उड्या मारायला लागला आणि सगळ्यात उंच उडी माझी, लंगडणाऱ्याची!

राहिला पीयूषभाई. तो कडेला उभा. मी त्याच्याकडे डोळे मोठे केले, भुवया तर आधीच वर. बोटानं खूण करावी तर हात दोन्ही बाजूंनी अडकलेले. मी मान हलवली, तोंडानं 'पास, पास' केलं. त्यानं अंगठा दाखवला. हसला. "बहु सरस, चालू राखो!" म्हणाला, आणि सगळ्या कॅमेरेवाल्यांना आमच्याकडे बोलावून घेतलं. बाबा तर काय, रंगात. एरवी फेर वळेल तसा वाजवणाराही वळतो, पण बाबा एका जागी घट्ट उभा, भोंगा पुढे, मान ताठ. मला वाटलं, वय झालं, पाय दुखत असतील. कीव आली हो मला! माझ्यासाठी एवढ्या लांब आलेला म्हातारा, आणि मी त्याला थांबवायला बघतोय. लाज वाटली. मनात म्हटलं, जाऊ दे, नाचू या. आपली बॅटिंग संपली, मधली सुट्टी झाली, त्यांची बॅटिंग सुरू झाली, आम्ही नाचतोय. दिवे लागले, आम्ही नाचतोय. दुकानांतून वड्याचा वास येतोय, आम्ही नाचतोय. आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही!

मग शेवटी आत एकदम शांत झालं. असं शांत की तारप्याशिवाय काही ऐकू येईना. मी पडद्याच्या बाजूला होतो, पाठ करून. समोरच्या माणसांकडे पाहिलं तर एकाच्या गालावरचा तिरंगा ओघळत होता. मला कळलं. हरलो. माझ्या आयुष्यातली फायनल, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे, भारत हरला आणि तेव्हा मी उजवा पाय पुढे टाकत होतो.

आणि पुढचं ऐका! गेटं उघडली. लाख माणूस बाहेर. रडवेली, चिडलेली, झेंडे गुंडाळलेली. आणि समोर काय? आम्ही! डोक्याला गुलाबी पिसं लावून, उड्या मारत! कारण तारपा एकदम तोडत नाहीत, चाल हळूहळू उतरवत आणतात, आणि बाबा उतरवत होता, त्याच्या वेळेनं. एक धिप्पाड माणूस अंगावर आला. "हम हार गये और तुम नाच रहे हो?" दुसरा म्हणाला, कुठून आलेत हे, समोरच्यांनी पाठवले असतील. कोणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, सदूच्या पाठीत बसली, सदूनं मागे पाहिलं नाही. मी कसाबसा एक हात सोडवून, बंडी वर करून जर्सी दाखवली, हे बघा, मी तुमचाच, निळा! तर तो म्हणाला, जर्सी घालून नाचतोय, शरम नाही! तोवर बाबानं शेवटचा सूर सोडला. फेर सुटला. पीयूषभाईच्या माणसांनी आम्हाला मेंढरांसारखं बसमध्ये कोंबलं. मी दाराला धरून ओरडलो, पीयूषभाई, पास? तो म्हणाला, "मॅच तो खतम हो गया ना, भाई." बरोबर बोलला. खोटं काय बोलला?

बसमध्ये चंद्रिकानं माझ्या डोक्यावरची पट्टी सोडली, कपाळावर पिसाचा हिरवा रंग उतरलेला, तो तिनं पदरानं पुसला. म्हणजे तिलाही वाईट वाटलं. मी खिडकीला डोकं लावून बसलो. तुम्हाला खोटं कशाला सांगू, रडलो.

अच्छाडला उजाडलं. बस चहाला थांबली. बाबा बशीत चहा ओतून शांतपणे फुर्र करत होता. आणि एकदम म्हणाला,

"सोळाव्या ओव्हरला त्या डावखुऱ्याला बॉल द्यायला नको होता."

मी म्हटलं, कोणाला?

"डावखुऱ्याला. दोन सिक्स बसले, तिथेच गेली मॅच. आणि त्याच्या आधीच्या ओव्हरला सोडलेला कॅच."

मी म्हटलं, बाबा, तू मॅच बघत होतास?

"समोर एवढा पडदा लावलेला. डोळे मिटून वाजवू?"

सगळी! तुम्हाला सांगतो, सगळी पाहिली त्यानं! पहिल्या बॉलपासून! आम्हाला तारप्याला पाठ दाखवता येत नाही, पण तारप्याला कोणाकडे पाठ करायची हे तारपाच ठरवतो ना! म्हणून तो वळला नाही! आणि मला कीव आलेली, पाय दुखतात म्हणून! मी म्हटलं, तुला क्रिकेट कळतं? तर म्हणतो, जावयाची बॉलिंग इतकी वर्षं बांधावर बसून कोण बघतंय? काल जरा बरी बॉलिंग बघायला मिळाली.

मग मात्र मी चिडलो. म्हटलं, बाबा, तू थांबला असतास तर आम्ही सगळे आत गेलो असतो. पास होते! तेव्हा बाबानं बशी खाली ठेवली. म्हणाला, पास नव्हते. वाजवायला सुरुवात केली आणि तो पीयूष त्याच्या कानाशी उभं राहून फोनवर बोलला, गुजरातीत, यांना कुठे कळतंय म्हणून. बाबानं संजाणच्या वाड्यांत अर्धा जन्म काढलाय, गुजराती त्याला आमच्यापेक्षा चांगली येते. पीयूष म्हणत होता, "आ लोकोने अंदर नथी लेवाना, डान्स पूरो थाय एटले सीधा बसमां." आत घ्यायचं नाही. नाच संपला की बसमध्ये.

"थांबलो असतो तर दुसऱ्या ओव्हरला बसवलं असतं बसमध्ये सगळ्यांना," बाबा म्हणाला. "वाजवत राहिलो म्हणून कोणी हलवलं नाही. जेवढी दिसली तेवढी दिसली."

माणसानं सगळी मॅच फुंकून धरून ठेवली होती, आमच्यासाठी, त्याच्यासाठी, जी काय ती. तरी मी म्हटलं, अरे पण मला सांगायचं ना! मी बाहेर पडून कुठेतरी कडेला उभं राहून निवांत पाहिली असती!

"सांगू कसा?" बाबा म्हणाला. "तारपा तोंडात."

आता हे ऐकल्यावर माणसानं काय करायचं? मी शहाणपण केलं. म्हटलं, या देशात आपल्याला फायनल बघायची तर एकच जागा आहे, फेराच्या मधोमध. मी बाबाला म्हटलं, मला तारपा शिकव. तेव्हापासून रोज सकाळी जीप काढायच्या आधी फुंकतोय. गाल दुखतात, डोळ्यांपुढे काजवे, नाकानं घ्यायचा श्वास तोंडानं घेतला जातो आणि सूर तुटतो, म्हैस बिथरते, चंद्रिका म्हणते गोठ्यात जाऊन वाजव, तर म्हैस ऐकत नाही. आणि त्या पीयूषभाईचा परवा फोन आला. पुन्हा मोठी मॅच आहे, "सेम डान्स चाहिए, सबको पास." मी बाबाला विचारलं, बाबा, खरं सांग, मला कधी येईल वाजवता?

बाबानं माझं वाजवणं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "येईल. दहा-बारा वर्षांत येईल. तोवर नाच."